तिसरी पिन

मागच्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजलेले, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या आणि मी कॉम्प्युटरवर आमच्या बचत गटाचा वर्षाचा हिशेब भरत बसले होते. दुसऱ्या दिवशी सभा. बाहेर वळवाचा वारा सुटला, दिवा फडफडला, क्षणभर लख्ख झाला आणि... सगळीकडे अंधार! वीस मिनिटांनी लाइट आले. पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला, कॉम्प्युटर मात्र गप्प. पॉवर सप्लाय जळला होता. दोन तासांचा हिशेब सेव्ह केलाच नव्हता, तो गेला.

रात्री जागून वहीवरून सगळं हाताने लिहून काढलं. लिहिता लिहिता मनात आलं, आमच्याकडे फ्रीजला स्टॅबिलायझर आहे, टीव्हीला स्पाइक गार्ड आहे. आणि ज्याच्यावर क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करून मी चार पैसे मिळवते, त्याला मात्र जुनी एक्स्टेंशन! कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मीही कधी मागितलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार ह्यांनाच विचारू लागला, "साहेब, कितीचा देऊ?" हे म्हणाले, "हिलाच विचारा, काम तिचं आहे." मग काय, मीही पदर खोचून प्रश्न विचारले! मैत्रिणींनो, तेव्हा जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

स्पाइक गार्ड आणि यूपीएस ही दोन वेगळी माणसं. विजेचा दाब क्षणभर उसळला तर तो अंगावर घेणं हे स्पाइक गार्डचं काम. त्यावर किती ज्यूल ते लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकी ताकद जास्त. ज्यूलचा उल्लेखच नसेल, तर ते बहुधा नुसतं एक्स्टेंशन बोर्ड समजा. झटके खाऊन खाऊन आतला भाग झिजतो, म्हणून संरक्षण चालू असल्याचा दिवा असलेला घ्यावा. पण वीज गेली की स्पाइक गार्डचा काही उपयोग नाही.

तिथे यूपीएस लागतो. तो तासभर काम करायला नसतो. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं देतो. डब्यावर '६०० व्हीए' लिहिलेलं असलं तरी वॅट विचारा. घरगुती यूपीएसमध्ये ६०० व्हीए म्हणजे बहुतेक वेळा ३६० वॅट. साधा सीपीयू आणि मॉनिटर मिळून शंभर-दीडशे वॅट घेतात, म्हणजे पुरेसा झाला. लाइन इंटरॲक्टिव्ह प्रकारचा घेतला तर व्होल्टेजचा चढउतारही सावरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीच लावू नका. त्यातला हीटर एकदम इतकी वीज खेचतो, की यूपीएस मान टाकतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्यावर 'यूपीएस' मोडचं बटण आहे का ते बघा. नाहीतर वीज जाताना कॉम्प्युटर पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते.

यूपीएस घरी आणला आणि वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि हसलेच. "वहिनी, तिसरं भोक आहे, पण मागे तारच नाही!" म्हणजे अर्थिंगच नव्हतं. जास्तीचा दाब जमिनीत जायला वाटच नाही, मग स्पाइक गार्ड कितीही महाग घ्या! आता कळलं, सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या का यायच्या. मी आपली ओल्या हातांना दोष देत होते. तुमच्याकडे असं होत असेल तर दुर्लक्ष करू नका. स्वतः बोर्ड उघडू नका. वायरमनकडून मीटरने तपासून घ्या. यूपीएसच्या आधी हा खर्च करा.

आणखी दोन गोष्टी. आभाळ भरून आलं, की कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि इंटरनेटची वायर काढून ठेवा. जवळ वीज पडली तर कुठलंच यंत्र वाचवण्याची खात्री देत नाही. आणि दर तीन महिन्यांनी फाइल सेव्ह करून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा, किती मिनिटं टिकतो ते बघा. बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. जुनी भंगारात न टाकता दुकानदाराला परत द्या.

परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून आमचं अर्थिंग झालं. ओल राहिली तरच ते नीट काम करतं, असं वायरमनदादा सांगून गेले. तेव्हापासून उन्हाळ्यात सासूबाई तुळशीला पाणी घालून झालं, की एक तांब्या तिथेही ओततात. म्हणतात, "सुनेच्या कामाचं आहे ते."