एम.जी.बी.चा क्लच

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात बाहेर पडलेल्या चार सिलिंडरांच्या एम.जी.बी. मोटारीचा क्लच झिजला, म्हणजे अवघ्या आठ इंच व्यासाच्या घर्षण-तबकडीपायी १७९८ घन सेंटिमीटरचे सबंध इंजिन साखळी-कप्पीने उचलून बाहेर काढावे लागते. कारण ही तबकडी फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बंदिस्त असून, गिअरबॉक्स तेवढा मागे सरकविण्यास सांगाड्यात वावच नाही. ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये तो आसनांच्या मधून काढण्याची तजवीज आहे, आणि ती मला निःसंशय अधिक सुज्ञ वाटते.

तबकडीबरोबर बदलावयाचे ते ग्राफाइटचे रिलीज बेअरिंग. पायाने क्लच दाबताच द्रवदाबाने ढकललेले हे कडे फिरत्या दाबतबकडीवर टेकते, आणि त्यात गोळ्या नसल्याने ते फिरत नाही, घासले जाते. म्हणून सिग्नलपाशी क्लच दाबून तिष्ठत राहणारा चालक स्वतःच त्याचे आयुष्य कमी करीत असतो.

नवी तबकडी बसविताना तिचा मध्य एखाद्या जुन्या गिअरबॉक्स-दांड्याने अथवा तत्सम साधनाने तंतोतंत साधावा लागतो, कारण तो केसभर जरी ढळला, तरी इंजिन परत जोडताना गिअरबॉक्सचा दांडा तिच्या छिद्रात शिरत नाही. तबकडीच्या अस्तराला तेलाचा स्पर्शही वर्ज्य. तेव्हा इंजिनाच्या मागील बाजूने तेल झिरपत असल्यास त्याचा बंदोबस्त आधी करावा, आणि मगच क्लचच्या आवरणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून, आवळावेत.