कॉफीच्या पेल्यांतील कॅफीन

कॉफी जितकी काळी आणि कडू, तितकी ती झोप उडविणारी, असा समज आपल्याकडे घरोघरीं रूढ आहे. तो खरा नव्हे. झोप उडविणारें द्रव्य म्हणजे कॅफीन. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळें काढलें. शुद्ध कॅफीन पांढरेंशुभ्र असतें. पेल्याच्या रंगावरून त्याचा अंदाज बांधतां येत नाहीं.

मग अंदाज कशावरून बांधावा? मुख्यतः तीन गोष्टींवरून: बी कोणत्या जातीचें, पूड किती घातली आणि पेला केवढा. आपल्या देशांत अरेबिका व रोबस्टा अशा दोन जातींची कॉफी पिकते. अरेबिकांत शेंकडा सुमारें १.२ भाग कॅफीन असतें, तर रोबस्टांत सुमारें २.२, आणि भारतांतील पिकांत रोबस्टाचाच वांटा मोठा आहे. बी अधिक भाजलें म्हणजे कडवटपणा वाढतो. कॅफीन मात्र जवळजवळ होतें तितकेंच राहतें.

आतां हिशेब करूं. दहा ग्रॅम अरेबिका पुडींत सुमारें १२० मिलिग्रॅम कॅफीन, तितक्याच रोबस्टांत सुमारें २२०. त्या रोबस्टांत शेंकडा ४० चिकोरी मिसळलेली असेल, तर कॉफी सहाच ग्रॅम उरते आणि कॅफीन १३० च्या आसपास येतें. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी. तिनें रंग गडद होतो, पण तिच्यांत कॅफीन नसतें. मिश्रणाचें प्रमाण पुड्यावर छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. तें वाचून घ्यावें.

जूचंद्र-नायगांवकडील घरांत बहुधा तयार विरघळणारी पूड असते, माटुंग्याच्या उपाहारगृहांत फिल्टरची कॉफी मिळते आणि नव्या कॉफीगृहांत एस्प्रेसो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं १५० मिलिलिटरच्या पेल्याचे आंकडे दिले आहेत: पूड उकळून वा गाळून केलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम, विरघळणाऱ्या पुडीची ५० ते ६५, चहा ३० ते ६५. दिवसाकाठीं ३०० मिलिग्रॅमपलीकडे जाऊं नये, असा तिचा सल्ला आहे. एस्प्रेसो थेंबाथेंबानें पाहिली तर सर्वांत तीव्र. परंतु तिचा पेला चिमुकला, ३० मिलिलिटरचा, म्हणून त्यांत साधारण ६० मिलिग्रॅमच कॅफीन येतें.

आपल्याकडे दुधाच्या कॉफींत जायफळ उगाळून घालतात आणि मग ती रात्रीं बाधत नाहीं असें मानतात. जायफळानें स्वाद येतो. कॅफीन कमी होत नाहीं. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरांतून निम्में कॅफीन जाण्यास सुमारें पांच तास लागतात. म्हणजे रात्रीं आठास घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश एक वाजतांही अंगांत असतो.

गरोदरपणाच्या उत्तरार्धांत हा काळ दुपटीहूनही अधिक लांबतो आणि कॅफीन गर्भापर्यंत पोंचतें. म्हणूनच युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं गरोदर स्त्रियांसाठीं २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. घरांत गरोदर सून वा लेक असेल, तर फिल्टरचे दोन मोठे पेले आणि वर दोन वेळांचा चहा एवढ्यानें ती मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हां तिच्यासाठीं पेला लहान करावा, पूड मोजून घालावी आणि चहाही हिशेबांत धरावा. कॉफी सोडण्याचें कारण नाहीं. पण ती जिभेनें न मोजतां चमच्यानें मोजावी.