सासऱ्याचा वारा, जावयाचं ऊन

संपादकांनी पाठवलं होतं कॅथीड्रलांसाठी. उत्तर आयर्लंडमधलं आर्मा हे त्याच नावाच्या काउंटीचं मुख्य ठाणं. तिथे समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर दोन कॅथीड्रलं आहेत, एक प्रोटेस्टंटांचं, दुसरं कॅथलिकांचं, आणि दोन्ही सेंट पॅट्रिकच्याच नावाची. कॅथलिकांचं बांधकाम १८४० मध्ये सुरू झालं आणि पुढे बटाट्याच्या दुष्काळात अडकलं. हे सगळं पर्यटकांच्या पत्रकांत सापडतं. मी रेंगाळलो ते वेधशाळेपाशी.

आर्चबिशप रिचर्ड रॉबिन्सनला इथे विद्यापीठ काढायचं होतं. ते राहून गेलं. १७७१ चं ग्रंथालय आणि १७९० ची वेधशाळा मात्र उभी राहिली. तेजोमेघ आणि दीर्घिकांची जी एनजीसी यादी खगोलप्रेमी आजही वापरतात, तिच्यातल्या ७,८४० नोंदी खगोलशास्त्रज्ञ ड्रायरने इथेच बसून लावल्या आणि १८८८ मध्ये छापल्या. पण मला भुरळ घातली ती खालच्या आभाळाने. १७९५ पासून इथे हवामान लिहून ठेवतात.

टॉमस रॉमनी रॉबिन्सन १८२३ ते १८८२, म्हणजे मरेपर्यंत, इथला संचालक. विमानतळावर गरगरणाऱ्या वाट्या आपण पाहतो, ते वायुवेगमापक त्याने १८४६ मध्ये जगापुढे आणलं. त्याच्या यंत्राला चार वाट्या होत्या. वाटीची पोकळ बाजू वारा जास्त अडवते आणि फुगीर बाजू त्याला निसटू देते, म्हणून वारा कुठूनही येवो, चक्र एकाच दिशेने फिरतं. यंत्राचं तोंड वाऱ्याकडे वळवायची गरजच उरत नाही.

रॉबिन्सनच्या मुलीचं लग्न जॉर्ज स्टोक्सशी झालं. द्रवात बुडणाऱ्या गोळीचा नियम कॉलेजात शिकवतात तो याच जावईबापूंचा, आणि गोळ्याने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही. कॅम्बेल नावाच्या गृहस्थाने काचेच्या गोळ्याने ऊन मोजायची युक्ती काढली होती; स्टोक्सने १८७९ मध्ये तिला धातूची चौकट आणि तासांच्या खुणांची पट्टी दिली. भरीव गोळा ऊन एका बिंदूवर आणतो, पट्टी करपते आणि सूर्य सरकेल तशी करपलेली रेघ पुढे सरकते. काटा नाही, चावी नाही. सूर्यच सही करून जातो. ऋतूनुसार पट्ट्या तीन तऱ्हेच्या, कारण सूर्याची उंची बदलते. आर्मातल्या उन्हाच्या नोंदी १८८० पासूनच्या आहेत.

या साधेपणावर मी लुब्ध झालो खरा, पण दोन्ही यंत्रं हट्टी निघाली. वाट्यांचा वेग वाऱ्याच्या बरोबर एकतृतीयांश असतो, वाटी आणि दांडा कितीही लहानमोठे असोत, असं रॉबिन्सन धरून चालला होता. ते प्रमाण आकारावर अवलंबून असतं हे पुढे सिद्ध झालं. त्यामुळे जुन्या वाऱ्याचा आकडा वाचायचा तर आधी वाटी आणि दांड्याचं माप शोधावं लागतं. उन्हाचंही तसंच. सकाळचं कोवळं ऊन कागद जाळत नाही. गोळ्यावर दंव किंवा हिमकण असले तर आणखी उशीर. उलट ढग येत-जात असले की प्रत्येक तिरिपेचा डाग पसरतो, डाग एकमेकांत मिसळतात आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन नोंदलं जातं. अशी पट्टी दोघांनी वाचली तर बेरीज जुळेलच असं नाही. मग विजेचा संवेदक का नको? तो अचूक असतो, म्हणूनच पंचाईत. त्याचं ऊन आणि करपलेल्या कागदाचं ऊन एकाच मापात बसत नाही. जुनी मालिका पुढे न्यायची तर दोन्ही यंत्रं काही वर्षं शेजारी-शेजारी चालवावी लागतात, आणि तोवर रोज सूर्य मावळला की कोणीतरी जाऊन पट्टी बदलावी लागते, नाताळच्या दिवशीसुद्धा.