भिंतीवरचा काळा डाग आणि अहवालातला आकडा

धर्माबादच्या एका शिक्षकांनी गेल्या पावसाळ्यात आमच्यापुढे एक कागद ठेवला. घरातल्या मुलाला रात्री खोकल्याची ढास लागते, मधल्या खोलीची भिंत काळी पडली आहे, म्हणून त्यांनी शहरातून घरातील हवा तपासणारा माणूस बोलावला होता. त्याने एक लहानसे यंत्र पाच मिनिटे चालवले आणि आठवड्याने अहवाल पाठवला. दर घनमीटर हवेत बुरशीचे बीजाणू किती, याचा एक आकडा होता. त्यापुढे ‘धोकादायक’ असा शेरा, आणि सोबत बुरशीरोधक रंगाचे दरपत्रक. “सर, हे खरे मानायचे का?” असा त्यांचा प्रश्न होता.

आकडा खरा असेलही. पण शेरा कशाच्या आधारावर मारला? हवेत अमुक इतके बीजाणू चालतील, अमुक इतके चालणार नाहीत, अशी आरोग्याच्या दृष्टीने सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही असा आकडा नाही. ओल रोखा आणि बुरशी काढून टाका, हाच त्यांचा रोख आहे.

मर्यादा ठरवणे अवघड का, हे बीजाणूंच्या स्वभावावरून कळते. ॲस्परजिलस बुरशीचा बीजाणू साधारण ३ मायक्रॉन व्यासाचा. स्थिर हवेत तो १ मीटर खाली यायला सुमारे एक तास घेतो. म्हणजे सकाळी केर काढताना उडालेले बीजाणू दुपारपर्यंत तरंगत राहू शकतात. काही जातींचे बीजाणू कोरड्या दुपारी जास्त उडतात, तर काहींचे पाऊस पडून गेल्यावर. अशा हवेचा पाच मिनिटांचा नमुना म्हणजे बाजाराच्या दिवशी स्टेशनवर काढलेले एक छायाचित्र. त्यावरून गावाची लोकसंख्या कशी सांगणार? शिवाय बाहेरच्या हवेचा नमुना त्याच वेळी घेतला नसेल, तर घरातल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. या अहवालात तो नव्हता.

ही अडचण मराठवाड्याला नवी नाही. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मराठवाडा विद्यापीठात प्रा. शं. त्र्यं. टिळक यांनी हवेतील बीजाणूंचा अभ्यास पुष्कळ वर्षे केला. १९७० साली त्यांनी व कुलकर्णी यांनी हवेचे नमुने घेणारे एक नवे यंत्र जाहीर केले. ते मिनिटाला ५ लिटर हवा ओढते आणि फिरत्या ढोलावरच्या चिकट पारदर्शक पट्टीवर सलग आठ दिवसांची नोंद ठेवते. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा: दिवसाला ७.२ घनमीटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला जेवढी हवा आत घेतो, जवळपास तेवढीच. पाच मिनिटे आणि आठ दिवस, यांतला फरक इथेच दिसतो.

मग चांगला तपासनीस काय करतो? तो आधी भिंत वाचतो. बुरशीला अन्न कुठेही मिळते, धूळ आणि रंगही पुरतो. नसते ते पाणी. म्हणून शोध पाण्याचा घ्यायचा. डाग जमिनीपासून वर चढलेला आणि लोणा लागलेला असेल तर ओल पायातून येते. स्लॅबखाली गोल कडांचा पिवळट डाग गळतीचा असतो. कपाटामागे किंवा कोपऱ्यात ठिपके असतील तर बहुधा तिथे हवा खेळत नाही.

शंका उरली तर एक प्रयोग शाळेतही करता येतो. ॲल्युमिनियमच्या वर्खाचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी काढावा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडची ओली असेल तर हवेतल्या बाष्पाचे आहे. जोडीला कोरडा व ओला तापमापक टांगावा. कोरडा ३० अंश सेल्सियस व ओला २७ अंश दाखवत असेल तर सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. पृष्ठभागावर ती इतकी टिकली की बुरशीचे फावते.

धर्माबादेत एक गुंता जास्तीचा आहे. हे लाल मिरचीच्या बाजाराचे गाव. मिरचीच्या खकाण्यातले कॅप्सायसिन नाकाघशातल्या मज्जातंतूंना थेट डिवचते. त्या ठसक्यासाठी बुरशी लागत नाही. तेव्हा खोकला वखारीकडून वारा आल्यावर येतो की ओल्या खोलीत झोपल्यावर, याची पंधरा दिवस वहीत नोंद ठेवावी. डॉक्टरांनाही ती उपयोगी पडेल. वर्षभरासाठी घरात भरलेली मिरची मात्र जरूर पाहावी. बुरशी लागलेली मिरची पुसून, वाळवून वापरू नये. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे ॲफ्लाटॉक्सिन हे विष फोडणीच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही.

त्या शिक्षकांच्या घरी वर्ख भिंतीच्या बाजूने ओला निघाला. पलीकडे न्हाणी होती आणि तिचा नळ भिंतीत झिरपत होता. वर रंग दिला असता तर वर्षभरात त्याचे पोपडे निघाले असते. त्यांनी आधी नळ बदलला. मग तोंडाला फडके बांधून, मुलाला बाहेर पाठवून, साबणाच्या पाण्याने भिंत धुतली. कोरडा झाडू वापरला नाही, कारण त्याने बीजाणू घरभर झाले असते. जाड भिंत वाळायला काही महिने लागतात. आम्ही त्यांना दर महिन्याला वर्ख लावून पाहायला सांगितले आहे, आणि ते काम आता आठवीचा वर्ग करतो.