विसरणाऱ्याला सांभाळतो, त्याला कोण सांभाळणार?

गेल्या आखाजीच्या आधीची गोष्ट. नंदुरबारजवळच्या एका गावातील चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. रक्तदाब वाढलेला, डोळे तारवटलेले. "झोप लागते का?" एवढेच मी विचारले आणि त्या रडू लागल्या. सासूबाई रात्री तीन-चारदा उठून दाराची कडी काढतात, "मला माझ्या घरी जाऊ द्या" म्हणतात. जेवून तास होत नाही तोच शेजारणीला सांगतात, "सून उपाशी ठेवते." "तीन वर्षं झाली, आखाजीला माहेरी गेले नाही, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या.

पुढचे वाक्य मला अधिक बोचले. "दोन वर्षांपूर्वी आईंना तुमच्याकडेच आणलं होतं. तुम्ही म्हणालात, वय झालं की असं व्हायचंच." खरे होते. मी तसे म्हणालो होतो. चूक माझी होती, म्हणून आजचा हा लेख.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. पण साठी उलटली म्हणून बुद्धी जातेच असे नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. १९०६ साली आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी हा आजार प्रथम मांडला. त्यात मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले.

मग काय करावे? पहिली गोष्ट, तपासणी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, नको ती औषधे यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो बराचसा सुधारतो. अल्झायमर बरा होत नाही. काही औषधांनी काही काळ थोडा फरक पडतो. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. तपासताना रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणीतरी हवे. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या आजीला इंग्रजी तारीख विचारून काय उपयोग? बाजार कोणत्या वारी भरतो, शेतात सध्या काय उभे आहे, हे विचारावे.

दुसरी गोष्ट, वाद घालू नये. "घरी जायचे" म्हणणाऱ्या आजीला "हेच तुमचे घर" असे शंभरदा सांगून ती शांत होत नाही. "चला, आधी चहा घेऊ" म्हटले तर पुष्कळदा होते. "सून उपाशी ठेवते" हे शब्दही आजाराचे असतात, माणसाचे नव्हेत. हे शेजाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट, हरवण्याची. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे चालत जातात. आपल्याकडे हत्ती नसला तरी एस.टी. स्थानक आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. सोय उत्तम, पण खिशात आधार कार्ड असलेले आजोबा धुळ्याच्या गाडीत बसले तर कंडक्टरला संशय का यावा? म्हणून सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतून नाव व फोन नंबराची कापडी पट्टी शिवून टाका. अलीकडचा फोटो जवळ ठेवा. शेजारी, रिक्षावाले, किराणा दुकानदार यांना आजार स्पष्ट सांगा. माणूस दिसेनासा झाला तर वाट न पाहता ११२ वर कळवा.

आता मूळ प्रश्न, सांभाळणाऱ्याचा. मदत कुठे मिळेल? १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. सांभाळणाऱ्याचे स्वतःचे मन खचले असेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा नंबर दिवसरात्र लागतो. मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ पासून काम करते. रुग्णाला दिवसभर ठेवून घेणारी केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. पण रोज सकाळी रुग्णाला तिथे कोण नेणार? सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रात्री जागणाऱ्या सुनेची ड्यूटी कोणतेही कार्ड बदलून देत नाही. ती घरच्यांनीच बदलून द्यायची असते.

सातपुड्यातील पाड्यांवर हा प्रश्न अधिक बिकट आहे. दिवाळीनंतर कर्ती माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि म्हातारी माणसे नातवंडांच्या भरवशावर मागे राहतात. त्यात एखादी म्हातारी रात्री एकटीच बडबडत फिरू लागली की तिला डाकीण ठरवण्याची भीती असते. ती डाकीण नसते, आजारी असते. असा छळ २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आशाताई, अंगणवाडी ताई, शिक्षक आणि गावचे पुढारी यांनी अशा वेळी आधी दवाखान्याचा रस्ता दाखवावा.

त्या बाईंना मी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि दुसऱ्या कागदावर घरातल्या सगळ्यांची नावे लिहायला लावली. नवरा, दीर, सुरतेची नणंद, कॉलेजात जाणारा मुलगा. प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिले. आठवड्यातल्या दोन रात्री नवऱ्याने जागायचे. संध्याकाळी मुलाने आजीला ओट्यावर फिरवायचे. बँकेचे, जमिनीचे कागद, आजीला समजते आहे तोवर, दिराने पाहायचे. नणंदेने वर्षातून दोनदा पंधरा दिवस येऊन राहायचे. नणंदेला पहिल्यांदा राग आला. पण आली, आणि दुसऱ्याच रात्री कडीचा आवाज ऐकून तिची झोप उडाली, तेव्हा वहिनी काय सोसते हे तिला समजले.

सासूबाई बऱ्या झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. आता त्या सुनेला 'ताई' म्हणतात. कोण ताई, ते कुणाला ठाऊक नाही. पण त्या आखाजीला ही बाई माहेरी गेली. पाच दिवस राहिली. परत आली तेव्हा तिचा रक्तदाब मी स्वतः तपासला. तो बराच उतरला होता.

वाचकहो, तुमच्या घरात, गल्लीत असे विसरणारे माणूस असेल तर त्याची विचारपूस करालच. त्याच वेळी सांभाळणाऱ्यालाही विचारा, "रात्री झोप झाली का?" आणि एखाद्या संध्याकाळी दोन तास तिथे जाऊन बसा.