वजन नको, उंची सांगा

गारखेड्यातल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: आई आयसीयूत व्हेंटिलेटरवर होती, तेव्हा सिस्टरनी टेप काढून तिला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. ते कशासाठी?

यंत्रानं एका श्वासात किती हवा द्यायची, ते त्या टेपवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. ती उंचीच्या बेतानं असतात. म्हणून उंचीवरून एक अपेक्षित वजन काढतात आणि त्याच्या किलोमागे साधारण 6 मिलिलिटर हवा देतात. आईंची उंची 160 सेंटिमीटर असेल, तर हे वजन येतं 52 किलो आणि श्वास सुमारे 315 मिलिलिटरचा. काट्यावर त्या 80 किलो भरल्या, तरी तेवढाच.

पूर्वी किलोमागे 10 ते 15 मिलिलिटर सर्रास देत. त्यात काय बिघडतं, हे कळण्याची वाट इटलीच्या डॉक्टर लुचियानो गातिनोनी यांनी उघडली. आपल्याकडे त्यांचं नाव क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते. 1980च्या दशकात त्यांनी एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसं सुजून श्वास एकाएकी निकामी होण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे सीटी स्कॅन पाहिले. सगळं फुप्फुस कडक झालंय असा समज होता. प्रत्यक्षात बराच भाग पाण्यानं भरून बंद पडला होता आणि हवा घेणारा भाग उरला होता पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा. शंभर पानांची पंगत ठरावी, जेवायला पंचवीसच यावेत आणि वाढप्यानं सगळं अन्न त्यांच्याच पानात ओतावं, तशी गत. उरलेला धड भागही ताणानं सुजतो.

2000 साली अमेरिकेतल्या 861 एआरडीएस रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. किलोमागे 12 मिलिलिटर दिलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के दगावले, 6 दिलेल्यांपैकी 31 टक्के. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त श्वास लहान केला!

मे 2021मध्ये, कोरोनाच्या लाटेत, आपल्या शहरात बोललं गेलं ते यंत्रांच्या संख्येवर. घाटी रुग्णालयाला आलेल्या 150 व्हेंटिलेटरांतल्या बिघाडांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं लावून धरला, ते फार बरं झालं. पण चांगल्या यंत्रालाही श्वासाचा आकडा कुणीतरी सांगावा लागतो, आणि रात्री तीन वाजता तो पुन्हा तपासावा लागतो.

झोपलेल्या माणसाची उंची नजरेनं सांगताना अंदाज चुकतो. त्याचा फटका बुटक्या रुग्णांना, त्यातही बायकांना जास्त बसतो. त्यांना गरजेपेक्षा मोठा श्वास दिला जातो, असं पुष्कळ अभ्यासांत आढळलं आहे. तुमच्या आईंच्या सिस्टरनी अंदाजावर न जाता टेप काढली, ती याचसाठी.