जुन्या मोटारीचा जुना रंग

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे तिचा रंग पत्र्यापर्यंत घासून काढणे, लांबी भरणे आणि नव्या चकचकीत रंगात तिला उभी करणे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित स्पर्धेत २०२४ साली प्रथमच जतन विभागातील मोटारीला, म्हणजे मूळ साहित्य शक्यतो न बदलता सांभाळलेल्या मोटारीला, सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा या समजुतीला मोठा धक्का बसला. ती मोटार म्हणजे १९३४ची बुगाटी टाइप ५९. शर्यतीसाठी बांधलेली ही गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि तिच्यावर काळा रंग व पिवळा पट्टा चढला. हा थर गाडीचा पहिला रंग नव्हे. तरीही तो खरवडून शर्यतीच्या काळातला निळा रंग दिला असता, तर गाडीच्या आयुष्यातला राजाकडचा कालखंडच पुसला गेला असता. परीक्षकांचा निर्णय म्हणूनच योग्य ठरतो.

रंग जपायचा तर तो का बिघडतो, हे आधी समजून घ्यावे लागते. ब्रशने लावलेले जुने व्हार्निशयुक्त रंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागत. ही अडचण नायट्रोसेल्युलोज लॅकरने दूर केली. ड्यूपाँट कंपनीचे ‘ड्युको’ हे असे लॅकर १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. त्यातील द्रावक उडून गेला की रंग वाळतो. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी रंगकणांना धरून ठेवणारा बंधक कालांतराने तुटतो, कण मोकळे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी साचते. शिवाय असे लॅकर अनेक दशकांनंतरही थिनरमध्ये विरघळते, त्यामुळे डाग काढण्यासाठी थिनरचा बोळा फिरवणे म्हणजे रंगच पुसून काढणे होय.

जतनाचे काम त्यामुळे संथपणेच करावे लागते. रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या उपकरणाने कुठे किती रंग उरला आहे ते पाहतात, सौम्य साबणाचे पाणी आधी आडबाजूच्या इंचभर जागेवर वापरून बघतात आणि फडक्यावर रंग उतरू लागला की हात थांबवतात. उघड्या पत्र्यावरील गंजाला टॅनिक आम्लाचा हात दिला की लोहाचे काळपट, तुलनेने स्थिर संयुग बनते. त्यानंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या बारीक कणांच्या मेणाचा, पातळ थर देतात. जवसाचे उकळलेले तेल लावल्याने रंग तत्काळ खुलतो खरा, पण ते सुकून कडक व पिवळसर होते आणि नंतर निघता निघत नाही, तर मेण पुढच्या पिढीला काढता येते. ब्रेक, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग यांबाबत मात्र एवढा संकोच नको. गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर हे भाग सुरक्षित करायलाच हवेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एखादी प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारात आजही उभी आहे, त्यांनी पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक ताणून आत दमट हवा कोंडू नये आणि तिला रंगाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी बॉनेटचा एक कोपरा तरी साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन पाहावा.